अक्षर गोठवू नकोस

अरे, फोटोशॉपचा कोर्स करून आलास, टूलं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. पण कोर्सात गिऱ्हाईक नसतं. इथं दुकानात असतं, आणि ते प्रूफवर सही करून जिना उतरलं तरी परत वर येतं. ‘ताई, थोरल्या काकांचं नाव वर घ्या, आणि मुहूर्त सात सत्तावीसचा करा.’ लग्नपत्रिका असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो, मंडळाचं पावतीपुस्तक असो की दशक्रियेचं कार्ड, मजकूर मशीनवर जाईपर्यंत हलतच असतो. म्हणून आत्याचा एकच कानमंत्र: जे उद्या बदलावं लागेल ते आज गोठवू नकोस. पुढं सांगते ते सगळं याच्याच पोटात येतं.

ही सोय पहिल्यापासून नव्हती बरं. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली आणि लेयर आले १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत. तरीही शब्द टाइप करून ओके केला की त्याचं चित्र होऊन बसायचं. सावली हवी असेल तर लेयरची नक्कल करायची, ती काळ्यानं भरायची, गॉशियन ब्लर मारायचा आणि थोडी सरकवून मूळ अक्षराखाली ठेवायची. एवढं झाल्यावर एक वेलांटी चुकलेली निघाली की सगळा खेळ पहिल्यापासून. १९९८च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा दुरुस्त करता येणारा मजकूर आणि लेयर इफेक्ट या दोन गोष्टी एकदमच आल्या. २०००च्या सहाव्या आवृत्तीपासून लेयर स्टाइलची खिडकी आहे. मजकूर बदलला की सावली, कड, चमक सगळं आपोआप नव्या अक्षरांवर बसतं. ही जोडी फोडायची नाही.

डबल-क्लिक कुठं करायचं

लेयरच्या पट्टीवर तीन जागा आहेत आणि तिन्हींचा गुण वेगळा. ‘टी’ लिहिलेल्या चौकटीवर डबल-क्लिक केलंस तर अख्खा मजकूर निवडला जातो. नावावर केलंस तर नाव बदलायला उघडतं. नावाच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेवर केलंस तर लेयर स्टाइल उघडते. मजकूर दुरुस्त झाला की कंट्रोल-एंटर दाब, माउस शोधत बसू नकोस. आणि मजकुराच्या लेयरला हौसेनं नाव देऊ नकोस. फोटोशॉप त्याला आतल्या शब्दांचंच नाव देतं आणि शब्द बदलले की तेही बदलतं. तू एकदा हातानं नाव दिलंस की ते तिथंच अडकतं. मग लेयरचं नाव ‘अध्यक्ष’ आणि आत मजकूर खजिनदाराचा, असा घोळ होतो.

आधी ‘हार्दिक’ लिहून बघ

नव्या मशीनवर बसलास की पहिलं काम हे. युनिकोड फॉन्ट घे आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ लिही. रफार दकाराच्या डोक्यावर आणि ऱ्हस्व वेलांटी दकाराच्या आधी आली तर ठीक. पाय मोडका र सुटा उभा राहिला आणि वेलांटी दकारामागं लोंबली तर मजकुराचं इंजिन चुकीचं आहे. प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर जा आणि तुझ्या आवृत्तीत ही निवड दिसत असेल तर ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ घे. थोड्या जुन्या आवृत्तीत याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं सापडेल. आधीच लिहिलेल्या मजकुराला हा बदल आपोआप लागेलच असं नाही. तो लेयर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतूनही वर्ल्ड-रेडी करावा लागतो. मग ‘श्रीक्षेत्र’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द लिही. दुसऱ्यातला र आडव्या लपेटीचा, आपल्या मराठी वळणाचा आला पाहिजे. बरोबर टाइप करूनही तो रफारासारखा वर चढत असेल तर फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, दुसरा घे. मुक्त किंवा बालूसारखे फॉन्ट फुकट मिळतात आणि नीट चालतात.

आता दुकानातल्या जुन्या फायली. त्यांत श्रीलिपी, शिवाजी असले फॉन्ट दिसतील. या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजीची चिन्हं. म्हणून फॉन्ट बदललास की ‘शुभविवाह’ जाऊन इंग्रजी अक्षरांचा काला उरतो. आणि अशा लेयरमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेलं युनिकोड नाव चिकटवलंस तर ते त्या फॉन्टात उमटतच नाही. जुनी फाइल जुन्याच फॉन्टात दुरुस्त कर, नवं काम युनिकोडमध्येच लाव. एकाच ओळीत दोन्ही मिसळू नकोस. पुढच्या माणसाला ते कधीच उकलत नाही.

नावं मात्र गिऱ्हाइकाकडून टाइप करून मागव आणि तीच चिकटव. ‘कुळकर्णी’ की ‘कुलकर्णी’ हे त्यांच्या घरचं त्यांना ठाऊक. तू ऐकून लिहिलंस तर चूक तुझी, त्यांनी लिहून पाठवलं तर त्यांची.

शिरोरेषेला जप

फोटोशॉपचे बहुतेक धडे इंग्रजी अक्षर समोर ठेवून शिकवलेले असतात. आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ आहे, रेघेवर मात्रा आहेत, खाली उकार आहेत. तिथं ते धडे जसेच्या तसे चालत नाहीत.

ट्रॅकिंग शून्यावर ठेव. इंग्रजीत अक्षरं पांगवली की शोभतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ही चूक बरेचदा नकळत होते. मजकूर निवडलेला असताना ऑल्ट दाबून डावा-उजवा बाण दाबला गेला की ट्रॅकिंग बदलतं. शब्द मध्येच फुटलेला दिसला तर आधी कॅरेक्टर पॅनेलमधला तो आकडा बघ.

फॉ बोल्ड वापरू नकोस. ते खरं ठळक वळण नव्हे, फोटोशॉपनं अक्षराला फुगवलेलं असतं. ‘ख’, ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. शिवाय फॉ बोल्ड असेल तर वार्प टेक्स्ट चालतच नाही. फॉन्टाचं स्वतःचं बोल्ड वजन असेल तर ते घे, नसेल तर फॉन्ट बदल.

ओळींतलं अंतर हातानं दे. ऑटो लीडिंग अक्षराच्या मापाच्या १२० टक्के असतं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो, आणि त्यात सावली-कड आली की दोन्ही मिळून डाग होतो.

नाव कमानीत हवं असेल तर पाथवर मजकूर लावायचा मोह आवर. पाथवर प्रत्येक अक्षर सुटं फिरतं, त्यामुळे वळणावर शिरोरेषा जागोजाग उघडते. त्यापेक्षा वार्प टेक्स्टमधला ‘आर्क’ घे आणि वाक कमी ठेव. त्यात अख्खा शब्द एकत्र वाकतो, रेघ सलग राहते आणि मजकूर नंतरही बदलता येतो. गणेश मंडळाच्या नावाला हाच उपाय.

इफेक्ट कमी, पण जागेवर

लेयर स्टाइलच्या खिडकीत दहा इफेक्ट आहेत. ते दहाही एका शब्दावर दाखवले पाहिजेत असा काही नियम नाही. फोटोवर मजकूर वाचता येत नाही, हे इफेक्ट लावायचं पहिलं कारण, आणि बहुतेक वेळा तेच शेवटचंही.

वाचता येण्यासाठी स्ट्रोक सगळ्यांत भरवशाचा. त्याची जागा ‘आउटसाइड’ ठेव. ‘इनसाइड’ केलंस तर तो अक्षराला आतून खातो. जाड काना तग धरतो, पण मात्रा आणि अनुस्वार बारीक होतात. आता ‘हार्दिक’मधला ‘र्दि’ मोठा करून बघ. वेलांटीची कमान आणि रफार एकमेकांना खेटून असतात, आणि त्यांच्या खाली शिरोरेषेपर्यंत एवढीशी फट असते. स्ट्रोक वाढवत जा. एका क्षणी ती फट बुजते आणि तिथं रफार आहे की अनुस्वार हे कळेनासं होतं. त्याच्या एक पायरी आधी थांब. कडेची मर्यादा तो ‘र्दि’ ठरवतो, बाकीच्या शब्दाला कितीही जाड कड शोभत असली तरी.

लेयर स्टाइलच्या स्ट्रोकचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. तो अक्षरागणिक फिरत नाही, लेयरवरच्या सगळ्या आकाराच्या बाहेरून फिरतो. कोरलमध्ये जुन्या फॉन्टाला आउटलाइन दिली की काना-मात्रांच्या सांध्यावर रेघा उमटतात आणि वेल्ड करावं लागतं. इथं ती कटकट नाही. दुहेरी कड, म्हणजे आत पांढरी आणि बाहेर मरून, हवी असेल तर स्ट्रोकच्या नावापुढचं अधिकचं चिन्ह दाब. ही सोय २०१५च्या आवृत्तीपासून आहे. यादीत खाली असलेला स्ट्रोक मोठा ठेव, नाहीतर तो वरच्याच्या मागं लपून जाईल.

सावली काळी कुळकुळीत नको. पार्श्वभूमीचाच रंग घेऊन तो गडद कर. हिरव्या शेताच्या फोटोवर गडद हिरवी सावली खरी वाटते, काळी घाण दिसते. सावली कुठल्या बाजूला पाडायची हे फोटोतल्या माणसाच्या नाकाला विचार. नाकाची सावली उजव्या गालावर पडलेली दिसत असेल तर अक्षराची डावीकडे पाडून कसं चालेल?

इथं ‘यूज ग्लोबल लाइट’ ही खूण समजून घे. ती लावलेली असेल तर फाइलमधल्या सगळ्या सावल्या आणि बेव्हल एकाच कोनाचं ऐकतात. हे चांगलं आहे, उजेड एकाच बाजूनं येतो. पण मग एका शब्दाची सावली फिरवलीस की बाकी सगळ्या फिरतात, आणि गिऱ्हाइकानं मंजूर केलेलं प्रूफ बिघडतं. एकच सावली हलवायची असेल तर त्या लेयरपुरती खूण काढ, मग हलव.

बेव्हलबद्दल एवढंच की बारीक मजकुराला तो देऊ नकोस. सोनेरी नाव फुगीर दिसावं ही गिऱ्हाइकाची हौस मोठ्या अक्षरात भागव. पत्ता आणि फोन नंबर साधेच राहू देत.

पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर

इफेक्टची मापं पिक्सेलमध्ये असतात आणि गिऱ्हाईक बघतं ते कागदावर किंवा रस्त्यावर. ६ पिक्सेलचा स्ट्रोक ३०० रिझोल्यूशनच्या पत्रिकेवर अर्धा मिलिमीटर येतो. ७२ रिझोल्यूशनच्या फ्लेक्सवर तोच साधारण दोन मिलिमीटर. रस्त्यापलीकडून दोन मिलिमीटरची कड कोणाला दिसणार? फ्लेक्सला आकडे मोठेच टाकावे लागतात.

फ्लेक्स ३०० वर करण्याचा हट्टही धरू नकोस. १० बाय ६ फूट ७२ वर केलं तर ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात, काम सुरळीत चालतं. तेच ३०० वर केलं तर रुंदी ३६,००० होते, आणि पीएसडीची मर्यादा एका बाजूला ३०,००० पिक्सेलची आहे. वर स्ट्रोकही २५० पिक्सेलच्या पुढं जात नाही, म्हणजे तिथं इंचभरही होत नाही.

कंट्रोल-टी करून नाव मोठं केलंस तर अक्षर वाढतं, इफेक्ट वाढत नाही. प्रूफवर भरदार दिसणारं नाव मोठं केल्यावर पोरकं का दिसतं, ते यामुळे. लेयर स्टाइलच्या मेनूत ‘स्केल इफेक्ट्स’ आहे, तिथं टक्के टाकून इफेक्ट त्याच प्रमाणात वाढव. अख्खी फाइल लहान-मोठी करताना इमेज साइजच्या खिडकीतल्या गिअरखाली ‘स्केल स्टाइल्स’ला खूण आहे का ते बघ.

हात वाचवायच्या युक्त्या

एका नावावरची सजावट दुसऱ्यावर हवी? लेयरवरचं ‘एफएक्स’ चिन्ह ऑल्ट दाबून दुसऱ्या लेयरवर ओढ, नक्कल होते. ऑल्ट विसरलास तर पहिल्यावरची सजावट उठून दुसऱ्यावर जाते. गिऱ्हाइकांना आवडणाऱ्या सजावटी स्टाइल्स पॅनेलमध्ये जपून ठेव, पुढच्या वेळी एका क्लिकवर येतात.

‘मा.’ एका लेयरवर, नाव दुसऱ्यावर आणि पद तिसऱ्यावर असेल तर प्रत्येकाला वेगळी कड देऊ नकोस, त्या एकमेकांवर चढतात. तिन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घाल आणि ग्रुपलाच स्ट्रोक दे. २०१२च्या सीएस ६ पासून ग्रुपला स्टाइल लागते. सगळ्यांभोवती एकच कड फिरते.

ओपॅसिटी आणि फिल यांतला फरक ओळख. ओपॅसिटी कमी केलीस की अक्षर आणि इफेक्ट दोन्ही विरतात. फिल शून्य केलंस की अक्षराचा रंग जातो आणि इफेक्ट राहतो. फोटोवर पोकळ, नुसत्या कडेचं अक्षर हवं असेल तर हाच रस्ता.

अक्षरात फोटो भरायचा तर फोटोचा लेयर मजकुराच्या वर ठेव आणि दोघांच्या मधल्या रेघेवर ऑल्ट दाबून क्लिक कर. फोटो अक्षरापुरताच दिसतो. मजकूर तसाच जिवंत राहतो, शब्द बदलला की फोटो नव्या शब्दात जाऊन बसतो.

‘रास्टराइज’ विचारलं तर नाही म्हण

मजकुराच्या लेयरवर फिल्टर मारायला किंवा ब्रश चालवायला गेलास की फोटोशॉप विचारतं, रास्टराइज करू का? घाईत ओके दाबू नकोस. तिथंच अक्षर गोठतं. लेयरवर राइट-क्लिक करून त्याला स्मार्ट ऑब्जेक्ट कर. २००५च्या सीएस २ पासून ही सोय आहे. मग फिल्टर मार, भिंतीवर बसवण्यासाठी पर्स्पेक्टिव्हमध्ये ओढ, जे साध्या मजकुराला करताच येत नाही. नाव बदलायचं झालं की स्मार्ट ऑब्जेक्टच्या चौकटीवर डबल-क्लिक कर, आतली फाइल उघडेल, नाव बदल, सेव्ह कर. बाहेरचं सगळं आपोआप बदलतं. त्याच्या कंट्रोल-जेनं केलेल्या नकला एकाच आतल्या फाइलवर चालतात. एकाच नावाचे चार ठिकाणचे उल्लेख असे एका दुरुस्तीत सुधारतात.

दुकानात फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पीएसडी उघडतं, मजकूर आणि लेयर स्टाइल दोन्ही हाताळतं. फुकटच्या गिंपमध्ये २०२५च्या ३.० आवृत्तीपासून ड्रॉप शॅडोसारखे फिल्टर नंतरही बदलता येतात. मंत्र तिथंही तोच.

दुसऱ्याची फाइल उघडताना

फाइल उघडल्यावर मजकुराच्या लेयरवर पिवळा त्रिकोण दिसला तर तो फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही. लगेच त्या मजकुरात क्लिक करू नकोस. तू हात लावत नाहीस तोवर फोटोशॉप जुनं चित्र तसंच दाखवतं. दुरुस्तीला गेलास की फॉन्ट बदलला जातो आणि मांडणी विस्कटते. आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेव, पाठवणाऱ्याकडून फॉन्ट मागव, मग काम कर. जुनी फाइल ‘टेक्स्ट लेयर अपडेट करू का’ असं विचारते, तेव्हाही आधी एक नक्कल करून घे.

प्रेसला काय द्यायचं

ओपन, म्हणजे लेयरसकटची, फाइल प्रेसला देऊ नकोस. तिथं तुझा फॉन्ट नसेल तर मजकूर काय होईल याचा नेम नाही. आधी पीएसडी सेव्ह कर, मग तिची नक्कल काढ, आणि फ्लॅटन किंवा ‘कन्व्हर्ट टू शेप’ करायचं ते नकलेत कर. शेप केलेल्या अक्षराला इफेक्ट राहतो, फॉन्टाची गरज राहत नाही. सीएमवायके करताना फोटोशॉप लेयर मर्ज करायला विचारतं. ओपन फाइलमध्ये ‘डोन्ट मर्ज’ म्हण.

ऑफसेटला बारीक काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर जाऊ दे, म्हणजे के १०० आणि बाकी तिन्ही शून्य. चार रंगांतून बनलेला काळा मजकूर प्लेट केसभर सरकली तरी दुहेरी छापला जातो. खरं म्हणजे पत्रिकेतली निमंत्रकांची यादी फोटोशॉपमध्ये लावूच नकोस. फोटो आणि मथळा इथं कर, बारीक मजकूर कोरलमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये लाव.

पैसे मिळाले म्हणून ओपन फाइल पुसू नकोस. दोन वेगळ्या डिस्कवर ठेव, सोबत वापरलेले फॉन्ट ठेव, फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख दे. वाढदिवस दर वर्षी येतो. पुढल्या वर्षी तोच माणूस येऊन म्हणेल, ‘ताई, तोच बॅनर, फक्त आता नगरसेवक लिहा.’ अक्षर जिवंत असेल तर ते पाच मिनिटांचं काम आहे, आणि पैसे पूर्ण बॅनरचे.